तोंड दिसलं न्हाय

निमगाव केतकीत कुणाला आपल्या चुलत्याच्या लग्नाचं साल आठवलं नाही, तर तो रामहरीतात्यांना विचारायचा. चौतीस वर्षं तात्यांनी या गावात आणि भोवतालच्या वस्त्यांवर टपाल वाटलं होतं. एकदा पाकिटावर नुसतं ‘पानमळ्याजवळचे नाना, निमगाव’ एवढंच लिहून आलं. पानमळ्याजवळ पाच नाना राहत होते. तात्यांनी अक्षर बघितलं, हे भोसरीला दिलेल्या पोरीचं अक्षर म्हणाले आणि पत्र बरोबर तिच्या बापाच्या हातात ठेवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ही गोष्ट गावात सांगितली जायची, आणि कुणी सांगितली नाही तर तात्या स्वतः सांगायचे.

त्यामुळं बाजारच्या दिवशी भर चार वाजता राजलक्ष्मीबाईंचं गंठण ओढलं गेलं आणि त्या वेळी तात्या वीस पावलांवर भेंडी निवडत उभे होते असं कळलं, तेव्हा गावाला वाटलं, आता चोर सुटत नाही.

राजलक्ष्मीबाई अंगणवाडीत कामाला होत्या. पिशवी घेऊन कडेकडेनं चालल्या होत्या. लाल मोटारसायकलवर दोघं आले. मागच्यानं हात घातला, पण गंठण लगेच तुटलं नाही. बाई चार-पाच पावलं फरफटत गेल्या आणि गटाराच्या कठड्यावर आपटल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुढं बारामतीला ऑपरेशन झालं, प्लेट घातली, तरी काठी सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस तात्यांच्या दारात आले. गल्ली गोळा झाली होती. कुणीतरी मागून म्हणालं, “तात्यांच्या नजरंतनं काय सुटतंय व्हय!” पोलिसानं विचारलं, “चेहरा बघितला का?”

“बघितला,” तात्या म्हणाले. “समोर आला तर ओळखीन.”

चौथ्या दिवशी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘गंठणचोर सापडला’. इंदापूरचा फिरोज. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात कामाला. रोज निमगाववरनंच लाल गाडीवर जायचा-यायचा. कुणाला तरी नंबरातले शेवटचे दोन आकडे आठवले होते, ते त्याच्या गाडीशी जुळले आणि पोलिसांनी त्याला उचललं. त्या दिवशी त्याची सुट्टी होती आणि तो घरी झोपला होता, असं त्याचं म्हणणं. पण ते सांगायला त्याच्या बायकोशिवाय दुसरं कुणी नव्हतं. गंठण त्याच्याकडं मिळालं नाही, मागं बसणारा तर कुणालाच मिळाला नाही.

तात्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. डाव्या भुवईत जुना वण होता. तात्या बराच वेळ बघत राहिले आणि मग बायकोला, कौसल्याकाकूंना म्हणाले, “ह्योच.”

बारा दिवसांनी जेलात ओळख परेड झाली. सात जण ओळीनं उभे केले होते. तात्या चालत गेले आणि कुठंही न थांबता फिरोजच्या खांद्यावर हात ठेवला. नायब तहसीलदारांनी विचारलं, “याचा फोटो वगैरे आधी बघितला होता का?” तात्या म्हणाले, “न्हाय.” खोटं बोलतोय असं त्यांना त्या घडीला वाटलंही नाही. आपण फोटोवरनं ओळखलं हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी तर माणूस बघितला होता.

फिरोज सात महिने आत राहिला. मग जामीन झाला, पण कारखान्यानं परत घेतलं नाही.

इकडं झुंबरच्या चहाच्या हॉटेलात तात्या ती हकिगत किती वेळा सांगत होते, याचा हिशेब नव्हता. गाडी अंगावरनंच गेली. पुढच्याच्या तोंडावरचा रुमाल वाऱ्यानं खाली सरकला. त्यानं एक क्षण माझ्याकडं बघितलं. डाव्या भुवईत वण. ऐकणारा मान हलवायचा. राजलक्ष्मीबाई काठी टेकत घरी आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले. “तात्या, तुमी व्हता म्हणून,” एवढंच त्या म्हणाल्या. तात्यांना आयुष्यात इतकं मोठं कुणी केलं नव्हतं.

दीड वर्षानं साक्षीचं समन्स आलं. तारखेला तीन दिवस राहिले असताना तात्यांचा पुतण्या दीपक सकाळी घरी आला. स्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या फोनमधला सगळा माल नव्यात भरताना त्याला एक व्हिडिओ सापडला होता.

“तात्या, त्या दिवशीचा हाय! झुंबरच्या हॉटेलात तुमी सांगत व्हता, तवा मी काढला होता. एक तासबी झाला नसंल बघा गंठण ओढून. सरकारी वकीलबाईंना दावू.”

दीपकनं व्हिडिओ पुरा लावून बघितला नव्हता, आणि त्या दिवशी तात्या नेमकं काय बोलले ते त्यालाही आठवत नव्हतं. त्यानं फोन तात्यांच्या हातात दिला आणि स्वतः त्यांच्या खांद्यावरून वाकला.

पडद्यावर तात्या होते. त्या दिवशीचा निळा शर्ट, हातात भेंडीची पिशवी. भोवती माणसं. कुणीतरी विचारलं, “वळखीचा व्हता का?” आणि पडद्यावरचे तात्या हात झटकून म्हणाले, “कशाचं वळखतोय! तोंड दिसलं न्हाय. रुमाल बांधला व्हता पार डोळ्यापतुर. गाडी लाल, एवढंच बघितलं. मी आपला बाईकडं पळालो.”

तात्यांनी व्हिडिओ परत लावला. आवाज त्यांचाच होता. मधेच नाक ओढायची सवय त्यांचीच होती. तिसऱ्यांदा लावला. हे आपण बोललो होतो, याची एवढीशीही खूण त्यांना डोक्यात सापडेना. कुणी दुसऱ्यानं हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले असते, तर त्यांनी त्याची गचांडी धरली असती. आणि डोळे मिटले की रुमाल खाली सरकतच होता. ती भुवई, तो वण, ती नजर, सगळं जिथल्या तिथं होतं.

दीपक हळूच मागं झाला. तो तात्यांच्या तोंडाकडं बघेना.

“गडबडीत बोलला असाल,” तो म्हणाला. “नंतर नीट आठवलं असंल. व्हतं तसं.”

तात्यांनी फोन त्याच्या हातात परत दिला.

“हे वकिलाला दावण्यात काय अर्थ न्हाय. डिलीट मारू का?”

तात्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. बाहेर कौसल्याकाकू कपडे वाळत घालत होत्या, त्या आत यायच्या आत हे संपावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

“मार,” ते म्हणाले.

तारखेच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं बारामतीला गेले. इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी. सरकारी वकीलबाईंनी दोन मिनिटं बोलून घेतलं. “केस सगळी तुमच्यावर आहे, तात्या. दुसरं काही नाही आपल्याकडे. घाबरू नका, जे पाहिलं ते ठामपणे सांगा.” मग बाहेर बाकावर बसवलं.

समोरच्या बाकावर एक म्हातारा आणि एक तरुण बाई बसली होती. म्हाताऱ्यानं तात्यांकडं थोडा वेळ बघितलं, उठला आणि येऊन शेजारी बसला. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी.

“रामहरीराव, मला वळखलं का?”

तात्यांनी बघितलं. चेहरा कुठंच बसेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माणूस आठवत नव्हता, का आठवूनही स्वतःच्या आठवणीवर विश्वास बसत नव्हता, ते त्यांनाच कळेना.

“मी युनूस. बाजारात कापडाचा गाडा लावायचो. तुमच्या हपिसाच्या भिंतीला लागून. माझी बहीण सोलापूरला वारली, त्याची तार तुमी आणली व्हती. तार हातात देऊन तुमी निघून गेला न्हाय. गाड्यावर बसून ऱ्हायला माझ्याजवळ, बाजार उठंपतुर.”

आता तात्यांना आठवलं. तार आठवली, गाड्यावरच्या छिटाच्या कापडाचा वास आठवला.

“फिरोज माझा पोरगा,” युनूसभाई म्हणाले. आवाज चढला नव्हता. “मी त्याला म्हणलं, रामहरीराव कुणावर उगं बोट ठेवायचे न्हाईत. माणूस चांगला हाय. मग तो जामिनावर घरी आला तवा मी फिरोजलाच विचारलं. दोन रात्री विचारत व्हतो, कुराणावर हात ठेवून सांग म्हणलं. पोटच्या पोराला. तुमच्या शब्दावर.”

समोरच्या बाकावरच्या बाईनं पदर तोंडापुढं घेतला. ती सबिना, फिरोजची बायको. फिरोज दूर खिडकीशी पाठ करून उभा होता.

तात्यांना काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात शिपायानं ओरडून सांगितलं की साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख पंधरा दिवसांनी. तात्यांना सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं याचीच त्यांना इतकी लाज वाटली की युनूसभाईंशी न बोलता ते जिना उतरून गेले.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. कौसल्याकाकूंनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तात्यांनी व्हिडिओचं सांगितलं, तो पुसायला लावल्याचंही सांगितलं. काकू ताट झाकून ठेवत होत्या. त्यांनी चकित होऊन वर बघितलं नाही, हे तात्यांच्या ध्यानात आलं.

“तुला ठावं व्हतं?”

“त्या दिवशी घरी आल्यावर मलाबी तुमी हेच म्हणाला व्हता,” काकू म्हणाल्या. “तोंड दिसलं न्हाय म्हणून.”

“मग बोलली का न्हाईस? दीड वरीस!”

काकूंनी झाकलेलं ताट बाजूला सारलं. “मला वाटलं, मागनं आठवलं असंल. आणि तुमाला कोण सांगणार, तुमची आठवण चुकतीय म्हणून? मागं धाकटीच्या बारशाचा महिना मी सांगितला, तर आठ दिवस माझ्याशी बोलला न्हाय तुमी. कागद काढून बघितला, तर माझाच बरोबर व्हता. तरी तुमी कबूल केलं न्हाय.”

तात्यांना ते बारसं आठवलं नाही. भांडणही आठवलं नाही. काकू खोटं बोलत नाहीत, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या पंधरा दिवसांत ते झुंबरच्या हॉटेलात गेले नाहीत. बाजारच्या दिवशी एकदा जाऊन भेंडीवाल्याच्या जागेवर उभे राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. वीस पावलांवरून, चालत्या गाडीवरचा चेहरा टिपायचा त्यांनी प्रयत्न केला. एकाचाही धड दिसला नाही. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. भाजीवालीनं विचारलं, “तात्या, कुणाची वाट बघताय?” ते तसेच माघारी आले.

दीपकला त्यांनी विचारलं, पुसलेलं परत येतं का. दीपक म्हणाला, फोन विकून टाकला. वर म्हणाला, “तात्या, आता कशाला उकरताय? बाईचं हाड मोडलंय. कुणीतरी केलंच ना?”

दुसऱ्या तारखेला त्यांचं नाव पुकारलं. शपथ झाली. आरोपीच्या जागी फिरोज उभा होता, जेलातल्यापेक्षा वाळलेला. मागच्या बाकावर राजलक्ष्मीबाई काठी मांडीवर आडवी घेऊन बसल्या होत्या. वकीलबाईंनी वेळ, वार, जागा विचारली. तात्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “आज कोर्टात हजर असलेल्या आरोपीला तुम्ही ओळखता का?”

“ओळखतो,” तात्या म्हणाले. “पण त्या दिवसापासून न्हाय. फोटोपासून.”

वकीलबाईंच्या हातातला कागद तसाच राहिला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. “नीट सांगा, काय म्हणायचं आहे?”

तात्यांनी पिंजऱ्याची कड दोन्ही हातांनी धरली. “साहेब, मी त्या दिवशी लोकांना सांगितलं व्हतं, तोंड दिसलं न्हाय म्हणून. त्याचा व्हिडिओ व्हता. तो मी बघितला आणि पुसायला लावला. पुतण्याचा दोष न्हाय, मी म्हणालो पूस. परेडच्याआधी ग्रुपवर फोटो आला व्हता, तोबी बघितला व्हता. परेडला विचारलं तवा न्हाय म्हणालो.”

“म्हणजे तुम्ही परेडच्या वेळी खोटं बोललात?”

“तवा मला ते खरं वाटत व्हतं. आता कळतंय, खोटं व्हतं.” त्यांनी फिरोजकडं बघितलं. “मला त्याचं तोंड दिसतं साहेब. डोळं मिटलं की दिसतं. पण ते कुठनं आलंय, ते मला सांगता येत न्हाय. आणि ज्याचं मला सांगता येत न्हाय, त्याच्यावर मी बोट कसं ठेवू?”

न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि कडक शब्दांत बजावलं की शपथेवर जबाब बदलल्याबद्दल कारवाई होऊ शकते. तात्या हो म्हणाले. वकीलबाईंनी साक्षीदार फितूर झाल्याचं नोंदवायची परवानगी मागितली. फितूर. इतिहासाच्या पुस्तकात किल्ले देणाऱ्यांना लावलेला तो शब्द होता, आणि आता तो रामहरी पोस्टमनपुढं लागून कोर्टाच्या कागदावर जात होता. तात्यांनी मान खाली घातली. त्यांना तो शब्द जास्त वाटला नाही.

बाहेर पडताना राजलक्ष्मीबाई जिन्याशी उभ्या होत्या. पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागत होता. तात्यांनी हात पुढं केला. त्यांनी तो बघितला आणि कठड्याचा लोखंडी पाइप धरला.

“मला रोज दुखतं तात्या,” त्या म्हणाल्या. “तुमी सांगितलं म्हणून मी दीड वर्ष एका माणसाला शिव्याशाप दिले. आता कुणाला देऊ?”

फिरोज सुटला. कागदोपत्री दुसरं काही नव्हतंच. गावात कुणी म्हणालं, तात्यांना त्या लोकांनी गाठलं असणार. कुणी म्हणालं, म्हातारपण. झुंबरनं चहा दिला, पण गोष्ट सांगा म्हणाला नाही. शेजारणीनं एकदा एका सोयरिकीचं साल विचारलं आणि तात्या तोंड उघडणार, तोच म्हणाली, “राहू द्या, मी सोयऱ्यांनाच विचारते.” वाईट वाटलं. पण ती बरोबर होती.

महिन्यानं तात्यांनी चौकशी केली. फिरोजला लोणी देवकरला एका कारखान्यात हमालीचं काम लागलं होतं. तात्या दुपारच्या एसटीनं गेले आणि पाळी सुटायच्या वेळेला फाटकाशी थांबले. काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं. माणसं बाहेर येऊ लागली तसं जुळवलेलं सगळं गेलं.

फिरोज गाडी ढकलत आला. पोलिसांकडून परत मिळालेली तीच लाल गाडी होती, ऊन-पावसानं सीट फाटली होती. तात्यांना बघून तो थांबला.

“अब्बांनी पाठवलं का?”

“न्हाय. माझा मीच आलो. माफी मागायला.”

“कशाची?” फिरोजनं गाडी स्टँडला लावली. “कोर्टात खरं बोलला, अब्बा तुमाला दुवा देतात. मी देत न्हाय. पोरगी दोन वर्षांची व्हती मी आत गेलो तवा. परत आलो, तर सबिनाच्या मागं लपली.”

तात्या उभे राहिले. हातातली टोपी ते उगाच चुरगाळत होते.

“एक विचारू?” फिरोज म्हणाला. “कोर्टात तुमी म्हणाला, डोळं मिटलं की मी दिसतो. अजून दिसतो?”

नाही म्हणणं सोपं होतं. त्या पोराला बरं वाटलं असतं, आणि तात्यांनाही घरी जाऊन झोप आली असती.

“व्हय,” ते म्हणाले. “तूच दिसतोस. गाडीवर, रुमाल खाली सरकलेला. तू नव्हतास हे मला कळतंय, तरी तूच दिसतोस. म्या लई प्रयत्न केला. जात न्हाय.”

फिरोजनं त्यांच्याकडं बघितलं. नजरेत राग होता, पण त्याहून जास्त थकवा होता. त्यानं मान हलवली.

“निदान हे तरी खरं बोलला,” तो म्हणाला. “आता परत येऊ नका. अब्बांकडंबी जाऊ नका. ते चहा पाजतील तुमाला, आणि मला ते बघवायचं न्हाय.”

तात्यांनी मान डोलवली. फिरोजनं गाडीवर बसून किक मारली. सुरू झाली नाही. चार-पाच वेळा मारली. तात्या जागचे हलले नव्हते. जावं की थांबावं, हेच त्यांना सुचत नव्हतं.

“तुमी चालायला लागा,” फिरोज किकवर पाय ठेवून म्हणाला. “तुमी असं बघत उभं राहिला की मला काय सुधरत न्हाय.”

तात्या वळले आणि हमरस्त्याकडं चालू लागले. मागं गाडी दोनदा घरघरली, मग सुरू झाली. आवाज जवळ आला. तात्यांनी नजर रस्त्याच्या खडीवर लावली, आणि गाडी शेजारून निघून पार दूर जाईपर्यंत त्यांनी ती वर उचलली नाही.